अर्थिंगचा शोध: घरच्या वायरिंगच्या नोंदी (सोलापूर, मार्च ते जून २०२४)

१० मार्च २०२४

आज माळ्यावरनं कूलर काढला, गवत बदललं, पंप चालू, पंखा चालू, सगळं ओके. दुपारी आई नेहमीसारखी कूलरसमोर विड्या वळायला बसली आणि अर्ध्या तासानं म्हणाली, जाळीला हात लागला की मुंग्या येतात गं. मी चप्पल घालून हात लावला, काहीच नाय. चप्पल काढून शहाबादी फरशीवर उभी राहिले आणि बोटाची मागची बाजू टेकवली तर बारीक चुणचुण. आईचं काम असं की पानं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, हात ओले, फरशी ओली, पायात काही नाय. करंट लागायला याच्यापेक्षा वाईट बैठक दुसरी नाय.

शेजारचे अण्णा आले, म्हणाले, "कूलर म्हणलं की करंट येणारच बे, ती वरची जाड पिन काढून टाका, लगेच बंद होतंय बघा." भावानं लगेच प्लग उघडून हिरवी वायर सोडवली. आणि खरंच चुणचुण बंद! आई खूश, अण्णा चहा पिऊन गेले. मला मात्र ते पचेना. ती जाड पिन अर्थिंगची, ती माणसाला वाचवायला दिलेली, मग ती काढल्यावर करंट जातो म्हणजे करंट त्या हिरव्या वायरीतूनच कूलरमध्ये येतोय का? कूलर चांगलाय आणि दुसरंच कुठलंतरी यंत्र घाण करतंय?

म्हणून ही वही. मी इलेक्ट्रिशियन नाय, टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. वडलांनी फ्यूज बांधायला आणि होल्डर बदलायला शिकवलेलं तेवढंच येतं. स्वतःला घातलेली अट अशी की मोजायचं आणि शोधायचं काम मी करणार, मीटर आणि खांबाकडनं मीटरपर्यंतचं काही उघडणार नाय, आणि वायर बदलायची वेळ आली की लायसनवाले काका येणार.

१२ मार्च

घर १९९४ चं, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, बाजूच्या घरात दिवसरात्र माग चालतात. वायरिंग लाकडी पट्टीतली, बोर्ड लाकडी, वरची खोली नंतर बांधली तिची लाईन खालच्याच बोर्डातनं ओढलेली. मेन स्विच पाडून किटकॅट फ्यूज काढून बघितला तर फ्यूज वायरच्या जागी साध्या तांब्याच्या वायरीचे चार पदर पिळून घातलेत. कधीतरी वारंवार फ्यूज जात असणार म्हणून कुणीतरी जाड करून टाकला. आता ओव्हरलोड झाला तर फ्यूज जाणारच नाय, आधी भिंतीतली वायर तापून जळणार. हे आजच बदललं, १० अँपियरची फ्यूज वायर आणून घातली. बाकी नंतर.

१७ मार्च

नवी पेठेतनं मल्टीमीटर आणला, साडेपाचशेचा. दुकानदार म्हणत होता टेस्टर घेऊन जा की, कशाला एवढा खर्च. टेस्टर पेटतो एवढंच सांगतो, किती व्होल्ट ते सांगत नाय, आणि जरा कुठं गळती असली तरी पेटतो.

किचनच्या थ्री पिन सॉकेटवर घेतलेली रीडिंग अशी. फेज (करंट येतो ती वायर) ते न्यूट्रल (परत जातो ती) २२१. फेज ते अर्थ ११२. न्यूट्रल ते अर्थ १०८. चांगल्या घरात फेज ते अर्थ पण जवळपास २२० च यायला पाहिजे आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. आमच्याकडं अर्थ बरोब्बर मधोमध लटकलेला, म्हणजे हिरवी वायर जमिनीला कुठंच जोडलेली नाय, घरभर नुसती फिरतीय.

मधोमधच का, तर भावाचा कॉम्प्युटर. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात, फिल्टरचे. अर्थ नीट असेल तर त्यातला बारीकसा करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसेल तर दोन्हीच्या मधला बिंदू अर्ध्या व्होल्टेजवर तरंगतो, तोच हिरव्या वायरीनं घरातल्या प्रत्येक लोखंडी बॉडीवर पोचतो. करंट मिलीअँपियरच्या आतला, म्हणून नुसत्या मुंग्या. कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि रीडिंग लगेच पडलं, बेरीज पण लागेना.

म्हणजे कूलर निर्दोष. पिन काढल्यावर मुंग्या थांबल्या कारण कूलर त्या तरंगत्या वायरीपासून सुटला. पण आता कूलरच्याच मोटरमध्ये फॉल्ट आला तर सगळा करंट जाळीवर येणार आणि आईच्या हातातनंच जमिनीत जाणार. भावाला समजावून पिन परत लावली आणि कूलर बंद ठेवला. आई नाराज झाली, पारा आत्ताच ३८ च्या वर जातोय. तिला टेबल फॅन दिला, प्लास्टिकच्या बॉडीचा.

२१ मार्च

हात कापतायत अजून. संध्याकाळी आईनं फ्रिज उघडला आणि ओरडून मागं सरकली, मुंग्या नाय, झटका, कोपरापर्यंत. पायात स्लीपर होती म्हणून वाचली. मी पळत जाऊन मेन पाडला. नंतर सगळ्यांना बाहेर बसवून, रबरी चप्पल घालून, मेन चालू करून त्याच सॉकेटवर मीटर लावला. फेज ते न्यूट्रल २२०. फेज ते अर्थ ३. न्यूट्रल ते अर्थ २१७!

चार दिवसांपूर्वी मधोमध होता तो अर्थ आज सरळ फेज झालाय. म्हणजे हिरव्या वायरीला कुठंतरी फेज लागलीय आणि फ्रिज, कूलरची जाळी, वॉशिंग मशीन, सगळं एकदम जिवंत. सगळे थ्री पिन प्लग उपसून ठेवले. प्लग काढून पण अर्थवर २१७ च दाखवतोय, म्हणजे यंत्रातनं नाय, वायरिंगमधनंच येतंय. रात्रीपुरता मेन पाडला. गच्चीवर झोपलो.

(सकाळी परत मोजलं तर अर्थवर काहीच धड रीडिंग नाय. रात्रीत कुणी काय बदललं?)

२४ मार्च, होळी

सुट्टी होती म्हणून सकाळपासनं याच्याच मागं. काल संध्याकाळी परत २१७ आलेलं. आधी खात्री करायची होती की हे खरं व्होल्टेज आहे का भुताचं. डिजिटल मल्टीमीटरला जराशी पण ताकद नसलेलं व्होल्टेज दिसतं, शेजारून जाणाऱ्या वायरीमुळं सुद्धा. म्हणून टेस्ट लॅम्प केला, एका होल्डरला ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि दोन वायरी, टोकाला नीट इन्सुलेट केलेले प्रोब. व्होल्टेज खोटं असेल तर बल्ब पेटणार नाय, खरं असेल तर पेटणार. इथं एक गोष्ट लिहून ठेवते कारण काकांनी ती मला नंतर रागावून सांगितली: अर्थ खराब असताना टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला तर त्या बल्बातनं फेज हिरव्या वायरीवर जाते आणि घरातल्या सगळ्या बॉडी जिवंत होतात. म्हणून आधी सगळे प्लग बाहेर, कुणी कशाला हात लावायचा नाय, मगच टेस्ट.

मी न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावला. मंद पेटला. तांबूस, तारेचं वेटोळं दिसण्याइतपत. म्हणजे करंट खरा आहे, पण अर्धवट येतोय, मधे काहीतरी आहे. तेवढ्यात जिन्यातनं आईची हाक, "अगं ए, जिन्यातला बल्ब लागलाय बघ!"

जिन्यातला बल्ब दोन वर्षांपासनं बंद आहे. तीन वेळा बल्ब बदलला, होल्डर बदलला, लागला नाय म्हणून सोडून दिलेला, आत ४० वॅटचा बल्ब तसाच. मी लॅम्प काढला, आई म्हणाली गेला. परत लावला, म्हणाली आला. माझ्या बल्बपेक्षा तिकडचाच जास्त उजेड देत होता. दोन बल्ब एकामागं एक सिरीजमध्ये असले की कमी वॅटचा जास्त पेटतो, तेच झालेलं. मी तिथंच खाली बसले.

जिन्यातल्या बल्बला न्यूट्रलच नाय. कुणीतरी, कधीतरी, पट्टीतली न्यूट्रल तुटल्यावर ती शोधायच्या ऐवजी जवळनं जाणारी हिरवी वायर होल्डरला जोडली. फेज स्विचमधनं बल्बात, बल्बातनं हिरव्या वायरीत. अर्थिंग चांगली होती तोवर बल्ब लागायचा, कारण न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीलाच जोडलेली असते, करंट जमिनीतनं का होईना पोचतो. अर्थिंग तुटली त्या दिवशी बल्ब बंद पडला. आणि त्या दिवसापासनं जिन्याचा स्विच चालू राहिला की त्या बल्बातनं फेज सरळ फ्रिजच्या दांडीवर. स्विच बंद, तर नुसत्या मुंग्या. तो स्विच फॅनच्या स्विचशेजारी आहे, बल्ब लागत नाय म्हणून चालू आहे का बंद याच्याकडं कुणाचं लक्ष नाय. संध्याकाळी पाहुणे आले की कुणीतरी चुकून दाबतंच.

स्विच पाडला, वर चिकटपट्टी मारली. न्यूट्रल ते अर्थ परत तरंगतं रीडिंग. पुरणपोळ्या थंड झाल्या, पण कारण सापडलं.

३१ मार्च

काका आले. गिरणीत मेंटेनन्सला होते, आता घरची कामं करतात. वही वाचली, रीडिंग बघितली, म्हणाले, "पोरी, हे मोजून ठेवलीस म्हणून सोपं झालंय, नायतर निम्मं घर उकलायला लागलं असतं." टेस्ट लॅम्पवरनं बोलणी पण खाल्ली, ती वर लिहिलीयत.

मेन पाडून जिन्याची पट्टी उकलली. न्यूट्रल होल्डरच्या वीतभर अलीकडं तुटून हिरवी पडलेली, गंजाची पावडर हाताला लागत होती. नवीन दीड एमएमची काळी वायर बोर्डापासनं ओढली, हिरवी होल्डरमधनं काढली. काकांचा नियम: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी फक्त अर्थ, काय वाट्टेल ते झालं तरी हिरवीतनं लोड न्यायचा नाय.

मग हिरव्या वायरीचं दुसरं टोक शोधलं. बोर्डातनं खाली, भिंतीतनं मोरीत, मोरीच्या नळाला क्लिप मारून बांधलेलं. पूर्वी नळाचा पाइप लोखंडी होता, जमिनीत लांबवर गेलेला, त्यालाच अर्थ म्हणून वापरलेलं. दोन वर्षांपूर्वी गल्लीत नळाची लाईन बदलली तेव्हा आमचा पाइप पण प्लास्टिकचा झाला. क्लिप तशीच राहिली, हातभर लोखंडी तुकड्याला. त्या तुकड्याच्या पुढं प्लास्टिक. पाइप बदलणाऱ्याला माहीत नाय, आम्हाला माहीत नाय, बल्ब बंद पडला ती एकच खूण होती आणि आम्ही बल्ब बदलत बसलो.

मी विचारलं, तोवर अर्थ न्यूट्रलला जोडून ठेवू का सॉकेटमध्येच, बरेच जण करतात. काकांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाले, बाहेर खांबावर न्यूट्रल तुटली की घरातल्या प्रत्येक बॉडीवर २३० व्होल्ट येतील, आणि कुठला फ्यूज उडणार नाय. कधी करू नको.

७ एप्रिल

खड्डा. अंगणात, भिंतीपासनं दीड मीटर लांब, पायाच्या जवळ घ्यायचा नसतो. वरचे तीन फूट काळी माती, दगडासारखी वाळलेली, बोटभर भेगा. खाली मुरूम. सहा फुटांवर पहार टणटण वाजायला लागली, खडक. अडीच मीटरचा पाइप उभा जायचा तो जाईना. एरवी मीठ-कोळशाचे थर देतात, पण आपल्याकडं उन्हाळ्यात काळी माती आक्रसते आणि पाइपापासनं सुटते, मीठ पाइप खातं. म्हणून काकांनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) इलेक्ट्रोड आणि बेंटोनाइटची पावडर घ्यायला लावली. बेंटोनाइट पण फुगणारी मातीच, पाणी धरून ठेवते. इलेक्ट्रोडला सहा फूट पुरले, आणि दहा फुटांवर दुसरा घालून दोन्ही आठ नंबरच्या जीआय तारेनं जोडले.

पाण्याचा प्रश्न. खड्डा ओला ठेवायला पाहिजे, आणि उजनी धरण कधीच मायनसमध्ये गेलंय, नळ पाच दिवसांनी. आईनंच सांगितलं, कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी टाकतो ना आपण, ते इथं ओत. काका म्हणाले उत्तम.

१४ एप्रिल

अर्थ टेस्टरनं मोजलं: ७.२ ओहम (जितका कमी तितकं चांगलं). मला वाटलं काम झालं. काकांनी वहीतच गणित मांडलं. समजा गीझरची फेज बॉडीला पूर्ण टेकली. २३० भागिले ७.२, म्हणजे ३२ अँपियर. १६ अँपियरचा सी टाइप एमसीबी (फ्यूजच्या जागी बसतो तो आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपियर लागतात. ३२ वर तो बराच वेळ विचार करत बसणार, तेवढा वेळ बॉडीवर करंट. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं अर्थिंग केली की फ्यूज उडतो आणि विषय संपला. आपल्या मुरमाडी जमिनीत एकट्या अर्थिंगच्या जिवावर राहता येत नाय.

म्हणून आरसीसीबी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्यातनं जातात, गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा नसला, फरक ३० मिलीअँपियरवर गेला की तो पडतो, सेकंदाच्या बारीक हिश्श्यात. त्याला ७ ओहम काय, ७० ओहमची अर्थिंग पण चालते. मात्र त्याला ओव्हरलोड कळत नाय, त्यासाठी एमसीबी वेगळे लागतातच. आणि एका हातात फेज नि दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर तो पडणार नाय, त्याच्या दृष्टीनं तो साधा लोड.

२१ एप्रिल

लाकडी बोर्ड गेला. नवीन डीबी, म्हणजे एमसीबी बसवायची पेटी: ४० अँपियर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, लाइटला ६ चे दोन एमसीबी, सॉकेटला १६ चे दोन, मोटरला वेगळा. दीड एमएम लाइटला, अडीच सॉकेटला, चार एमएम गीझरला. खर्च आमच्या हिशोबानं जास्त झाला, कुठल्या वस्तूत काटकसर करायची आणि कुठल्यात नाय हे ठरवायला दोन रात्री गेल्या. स्विच साधे घेतले, वायर आणि आरसीसीबी आयएसआय मार्क बघूनच.

चालू केला आणि आरसीसीबी बसेना. सगळे एमसीबी पाडले तरी बसेना. मी घाबरले, काका शांत. एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तशीच जोडलेली राहते, म्हणून कुठंतरी न्यूट्रल अर्थला टेकलीय. मेन पाडून न्यूट्रलच्या पट्टीवरनं एकेक वायर सोडत गेलो, प्रत्येक वेळी मीटरनं न्यूट्रल ते अर्थ कंटिन्यूटी बघत (दोन्ही जोडलेले असले की मीटर बीप देतो). वरच्या खोलीची सोडली आणि बीप थांबला. वरच्या सॉकेटमध्ये पिळलेल्या तारेचा एक केस बाहेर राहून अर्थच्या पिनला टेकलेला. एक केस! सोलून, नीट पिळून, परत बसवला. आरसीसीबी बसला. टेस्टचं बटण दाबलं, पडला. कूलर चालू केला. आई अनवाणी पायानं जाळीला हात लावून उभी राहिली, मी थांबवायच्या आत. काहीच नाय.

५ मे

पारा ४३. पाण्याचा दिवस, पहाटे मोटर लावली की आरसीसीबी पडतो. पहिल्यांदा मनात आलंच की बायपास करावा, पाणी तासभरच येतं, हौद भरतोय, टाकी रिकामी. भाऊ तर वायर घेऊन उभा होता. केलं नाय. बादल्यांनी वर नेलं. दुपारी हौदाजवळचा केबलचा जॉइंट उघडला: काळ्या टेपचा गोळा, आत ओल, तांबं हिरवं. नवीन तुकडा घेऊन जॉइंट वर भिंतीवर प्लास्टिकच्या बॉक्समध्ये घेतला. पुढच्या पाण्याला मोटर बिनबोभाट चालली.

९ जून

चार दिवस चांगला पाऊस. काकांचा अर्थ टेस्टर मागून आणून मोजलं, ३.९ ओहम. काळी माती फुगून बसलीय. आता लक्षात ठेवून एप्रिल-मेमध्येच मोजायचं, पावसाळ्यातलं रीडिंग घेऊन समाधान मानायचं नाय. दर महिन्याच्या एक तारखेला टेस्टचं बटण, कॅलेंडरवर लिहिलंय.

१६ जून

अण्णा जिन्याखालनं हाक मारत होते, "ए पोरी, तुझं ते मीटर घेऊन ये की, आमच्या वॉशिंग मशीनला मुंग्या येलालेत." गेले. फेज ते न्यूट्रल २२४, फेज ते अर्थ १३०, न्यूट्रल ते अर्थ ९०. वॉशिंग मशीनची जाड पिन त्यांनी अजून काढली नव्हती, नुसता हात घातलेला. मी म्हणलं थांबा, आधी मोरी दाखवा.

नळ नवा, पाइप प्लास्टिकचा, आणि कोपऱ्यात हातभर लोखंडी तुकड्याला हिरव्या वायरीची क्लिप. अण्णा खाली वाकून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, गल्लीत बारा घरं आहेत.

काकांना फोन केला, रविवारी येतायत. आज जाताना अण्णांच्या घरातले सगळे थ्री पिन प्लग काढून ठेवलेत आणि त्यांच्या अंगणातला दिवा किती वर्षं बंद आहे ते विचारायचं राहिलं.